नाव नसलेलं पत्रक

आमच्या घरात पत्रकाशिवाय काहीच सुरू व्हायचं नाही. नाशिकरोडला वडिलांचं लहानसं छपाईचं मशीन होतं. मोर्चा असो की रक्तदान, आधी पत्रक. मी वाचायला शिकले तीच प्रुफांवर.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी एम.ए.ला होते आणि उन्हाळ्यात दोन महिने एका सरांच्या हाताखाली संशोधन करायची जागा निघाली होती. इंटर्नशिप हा शब्द तेव्हा विभागात नवाच होता. जागा एकच. सरांची सही झालेला आराखडा शनिवारी पोचला नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. विषय मी निवडला होता : लासलगावकडे व्यापाऱ्यांच्या खळ्यावर दिवसभर बसून कांदा निवडणाऱ्या बायका. एका खळ्यावर मी दोनदा जाऊनही आले होते. तिथली एक मावशी बाकीच्या बायकांशी माझी गाठ घालून द्यायला तयार झाली होती.

सोमवारी सरांनी माझी प्रश्नावली हातात घेतली. पहिला प्रश्न होता, ‘मालक तुमची पिळवणूक कोणकोणत्या प्रकारे करतो?’

“हा प्रश्न आहे की घोषणा?”

“सर, पिळवणूक होतेच.”

“मग उन्हात कशाला जातेस? घरी बसून लिहून टाक.”

मला वाटलं, माणूस घाबरट आहे. त्याच संध्याकाळी वडील बाहेर गेलेले पाहून मी पत्रक जुळवून छापलं. ‘कांदा निवडणाऱ्या भगिनींनो, भिऊ नका!’ वडिलांचा एक नियम होता : पत्रकाखाली काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असलंच पाहिजे. मी दोन्ही गाळली. माझं नाव दिसलं तर मुकादम मला खळ्यावर येऊ देणार नाही आणि आराखडा बुडेल, असा माझा हिशेब होता. खाली फक्त ‘एक हितचिंतक’ टाकलं. मंगळवारी बायका जेवायला उठल्या तेव्हा पाण्याच्या माठाजवळ गठ्ठा ठेवून निघून आले.

गुरुवारी गेले तर मावशीची जागा रिकामी.

“तिला घरी बसवलं,” शेजारची बाई कांद्यावरची नजर न काढता म्हणाली. “तिच्या भाकरीच्या फडक्यात तो कागद घावला. तिला कुठं वाचता येतंय? ठेचा बांधला होता त्यात.”

मी मावशीचं घर गाठलं. ती दारात तांदूळ निवडत होती. हात रिकामे ठेवायची सवयच नव्हती तिला.

“मावशी, तो कागद माझा होता.”

“ठाऊक हाय की. माठापाशी तूच तर गेली हुतीस.”

“मग मुकादमाला सांगितलं का नाही?”

“सांगून काय? म्हणलं, पोर शिकतीया, तिचं कशाला नाव घ्या.”

शुक्रवारी सकाळी सरांना सगळं सांगितलं. ओरडतील म्हणून मी तयार होते. ते ओरडले नाहीत. आराखडा मिटून त्यांनी टेबलाच्या कडेला सरकवला. “आधी तिचं काम तिला परत मिळू दे. नाही मिळालं तर हा मी उघडणारही नाही.”

एसटीत बसल्यापासून मी मुकादमाला सुनवायची वाक्यं जुळवत होते. त्याच्यासमोर उभी राहिले आणि एवढंच म्हणाले, “पत्रक मी छापलं. मावशीचा त्यात काही संबंध नाही.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमी? आन मी त्या बाईला बसवली.” मग खिशातून पत्रक काढून मोठ्यानं वाचलं, “भिऊ नका! वा ताई. आमच्या बायांनी भ्यायचं नाय, आन तुमचं नाव कुठंय?”

कांदे निवडणारे हात थांबले होते. कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. त्या पत्रकातलं एकही वाक्य मी आजही मागे घेणार नाही, पण त्याखाली माझं नाव नव्हतं, हे खरंच होतं.

“लिहून द्या,” तो म्हणाला. मी त्याच पत्रकाच्या मागे लिहून दिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं. त्याने ते घडी करून ठेवलं. “उद्यापासून येऊ दे तिला. पण तुमी पुन्यांदा इकडं पाऊल ठेवायचं नाय.”

म्हणजे खळं गेलं. खळ्याशिवाय माझ्या आराखड्यात काही उरत नव्हतं. निरोप द्यायला मावशीकडे गेले. ती ऐकून म्हणाली, “मग सांजच्याला घरी येत जा. दोघीतिघी बोलवीन. पर ऐकशील का, का परत आपलंच सांगशील?”

शनिवारी सरांनी नवा आराखडा वाचला. ‘खळ्यावर’च्या जागी ‘घरी’ होतं. पहिला प्रश्न होता, ‘सकाळी उठल्यापासून काय काय करता?’

“आणि पिळवणूक?”

“विचारलेली नाही. त्यांनी सांगितली तर लिहीन.”

“आणि नाही सांगितली तर?”

आराखडे घेणारी विभागाची खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. सर पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

“माहीत नाही, सर,” मी शेवटी म्हणाले.

त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे फिरवला. “तुझंही नाव घाल खाली.”