नामदेवराव हिंगोलीच्या पुढं अडकले

निवृत्त माणसाकडं दोन गोष्टी न मागता साचतात. एक औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि दुसरे किस्से. बाटल्या भंगारवाला वजनावर नेतो. किस्से फुकट दिले तरी घरात कुणी घेत नाही, म्हणून ते असे बाहेर वाटावे लागतात.

तहसील कचेरीत कारकून होतो तेव्हा मला वाटायचं, एवढा वेडेपणा फक्त सरकारी इमारतीतच मावतो. मग डॉक्टरांनी शुगरपायी मला सेनगावच्या जिममध्ये पाठवलं आणि गैरसमज दूर झाला.

*

जिम संतोषची. आधी तिथं बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. पावसाळी हवेत अजून वास येतो. व्यायाम केल्यावर अंगावरची कीड मेल्यासारखं वाटतं, ते त्यामुळंच असावं.

नांदेडची एक जिम बंद पडली, तिचं सामान संतोषनं उचलून आणलं. त्यात एक रोइंग मशीन होतं. मागंपुढं घसरणारी सीट, पाय बांधायला पट्टे, ओढायला दांडा, समोर चाक आणि वर किती अंतर झालं ते दाखवणारा मॉनिटर. गावानं त्याचं नाव ठेवलं 'होडी'. खरी होडी आमच्यापैकी कुणीच जवळून पाहिलेली नसल्यामुळं हरकत आली नाही.

पहिल्या दिवशी संतोष ती ओढून दाखवत होता. दारात एक शेतकरी बराच वेळ बघत उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं, हे पाणी किती ओढते? संतोष म्हणाला, पाणी नाही ओढत काका, नुसतं ओढायचं.

"मंग काहून ओढून राहिला?" असं म्हणून ते निघून गेले.

आमच्यातले कांबळे सर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "जिमविरुद्ध इतका मुद्देसूद आक्षेप मी आजवर ऐकला नव्हता."

*

होडीला खरं गिऱ्हाईक मिळालं ते नामदेवराव. एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांच्या बायकोचं, गयाबाईंचं, डोळ्याचं ऑपरेशन अवघड होतं. तेव्हा नामदेवराव बोलून बसले, हिला दिसायला लागलं तर मी पायानं औंढ्याला नागनाथाला येईन.

गयाबाईंना दिसायला लागलं. पण तोवर नामदेवरावांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी दूर चालायला सक्त मनाई केली.

आता गयाबाईंचं मत असं, की नवस राहिला तर दिलेलं परत जाते. त्या रोज सकाळी उठल्या उठल्या भिंतीवरचं कॅलेंडर लांबून वाचायच्या. एखादा आकडा पुसट वाटला, की वळून नामदेवरावांकडं बघायच्या. बाई दिसत नव्हतं तेव्हा बरी होती, असं नामदेवराव एकदा म्हणाले आणि लगेच दोन्ही गालांवर हलक्या चापट्या मारून घेतल्या.

तोड कांबळे सरांनीच काढली. होडीत हात नावाला, खरा जोर पायाचा असतो. गुडघ्यावर वजनही पडत नाही. तेव्हा सेनगाव ते औंढा हे अंतर होडीवर कापलं, तर ते पायानंच गेल्यासारखं आहे. मी म्हणालो, सर, तुम्ही तर नवस मानत नाही. सर म्हणाले, "मी मानत नाही. पण फेडायचाच असेल तर मोजमाप बरोबर पाहिजे."

गयाबाईंनी होकार दिला. संतोषनं होडीच्या सीटवर 'राखीव' असं लिहिलं. नामदेवरावांनी समोरच्या भिंतीवर नागनाथाचा फोटो लावला आणि प्रस्थान ठेवलं.

*

कंडक्टर शेवटी कंडक्टर. मॉनिटरवर ठरावीक आकडा आला, की नामदेवराव थांब्याचं नाव पुकारायचे. शेजारी वजन उचलणारी पोरं दचकायची. हिंगोली आली त्या दिवशी त्यांनी पंधरा मिनिटं चहाची सुट्टी घेतली. संतोषनं आग्रह केला, अजून थोडं ओढा, तर म्हणाले, "डेपो हाय. एन्ट्री करावी लागते."

आणि हिंगोलीच्या पुढं, कोणताच थांबा नाही अशा जागी, मॉनिटर बंद पडला. म्हणजे दिवा लागे, आकडेही दिसत, पण ओढलं तरी हलत नसत. नामदेवराव घामाघूम झाले आणि जागचे हलले नाहीत.

*

दुरुस्तीची पहिली बैठक लगेच झाली. संतोषनं मॉनिटरला दोन थपडा मारल्या. जुन्या टीव्हीला लागू पडायच्या, याला पडल्या नाहीत. मी सुचवलं, कंपनीला अर्ज करावा. सगळ्यांनी माझ्याकडं जसं बघितलं, तसं लोक मी नोकरीत असताना बघत नसत. तेव्हा ते अर्ज करत.

कांबळे सरांचं निदान सेल उतरल्याचं होतं. ते सेल काढायला गेले, तर नामदेवरावांनी त्यांचा हात धरला. सेल काढले आणि एकूण अंतर पुसलं गेलं म्हणजे?

"सर, तुमचा सेल निघन आन् मी सेनगावला परत यीन."

*

त्या काळात गोरेगावला त्यांच्या पुतण्याच्या पोरीचं लग्न होतं. नामदेवरावांनी निरोप धाडला, मी बाहेरगावी हाय.

पुतण्या आदल्या दिवशी आग्रहाला घरी आला. नामदेवराव ओट्यावर बसून जेवत होते. तरी त्यांचं म्हणणं कायम, की रस्त्यात अडकलेला माणूस लग्नाला कसा येणार? गाडी मधी टाकून कंडक्टर निघून जातो का?

आतून गयाबाई म्हणाल्या, "बाहेरगावी हायेत, तर ही तिसरी भाकर कोण खाऊन राहिलं?"

*

शेवटी महेबूबभाईंना बोलावलं. त्यांचं मोटारींत नवी तार भरायचं दुकान. विहिरीतल्या मोटारी जळल्या, की तालुका त्यांच्याकडं येतो. त्यांनी होडीचं झाकण उघडलं, आत बराच वेळ टॉर्च मारला आणि उदास होऊन विचारलं, "इसमें मोटर किधर है?"

मोटार नाही म्हटल्यावर त्यांचा अर्धा उत्साह गेला. पण माणूस चिकाटीचा. चाकावर एक लोहचुंबक चिकटवलेलं होतं. चाक फिरलं, की ते शेजारच्या बोटाएवढ्या सेन्सरसमोरून जायचं, आणि प्रत्येक फेरीची खबर एका बारीक दुपदरी वायरीतून वर मॉनिटरला पोचायची. ती वायर उंदरानं मधोमध कुरतडली होती. जुन्या बियाण्याच्या वासानं आलेला असणार. बियाणं नाही म्हटल्यावर जे मिळालं ते त्यानं खाल्लं.

महेबूबभाईंनी टोकं सोलून पिळा मारला, वरून काळी टेप गुंडाळली. आकडे पळायला लागले. टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी नामदेवराव पाणी प्यायला उठले. शेजारच्या ट्रेडमिलवर संतोष धावत होता. परत येऊन बघतात तर अंतर वाढलेलं! ट्रेडमिलच्या हादऱ्यानं जोडातल्या तारा आपसात लागत-सुटत होत्या आणि मॉनिटर त्याला चाकाची फेरी समजत होता. संतोष धावला आणि नामदेवराव पुढं गेले.

आम्ही म्हटलं, असू द्या, देवाची मर्जी. नामदेवरावांचा चेहरा पडला. "आख्ख्या नोकरीत इनातिकीट मानूस गाडीत ठुला न्हाई मी. आन् आता दुसऱ्याच्या पायानं जाऊ?"

कांबळे सरांनी तेवढं अंतर वजा करून दिलं. महेबूबभाईंनी टेप काढून जोडाला कथिलाचा डाग दिला, वर नळी चढवली, सेन्सर चुंबकाजवळ सरकवला आणि वायर उंदराला पुरणार नाही इतकी वरून नेली. जाताना म्हणाले, "अब बराबर गिनेगा. चाचा, सलाम बोलना उधर."

*

औंढा एका सकाळीवर आला. त्या दिवशी गयाबाई नारळ घेऊन येऊन बसल्या. तेवढ्यात बँकेतले नवे कॅशियर जिममध्ये आले. माणूस मालवणचा, पहिलाच दिवस. त्यांनी कौतुकानं सगळी हकीकत ऐकली, होडीकडं पाहिलं, समोरच्या फोटोकडं पाहिलं आणि अगदी नम्रपणे म्हणाले, की होडीत वल्हवणाऱ्याची पाठ पुढं असते. माणूस ज्या बाजूला बघतो तिच्या उलट होडी जाते.

कांबळे सरांनी मनात दिशा जुळवली. मग म्हणाले, "म्हणजे नामदेवराव आत्ता रिसोडच्याही पुढं आहेत. विदर्भात."

नामदेवरावांच्या हातातून दांडा सुटला. इतके महिने नागनाथाकडं तोंड करून ते नागनाथापासून लांब जात होते. होडी फिरवली तर आधी सेनगाव गाठायचं, मग पुन्हा पहिल्यापासून औंढा. गुडघ्यांनी एकदा साथ दिली होती. पुन्हा देतीलच असं नव्हतं. त्यांनी गयाबाईंच्या डोळ्यांकडं पाहिलं.

गयाबाईंनी कॅशियरला आधी पुन्हा नीट सांगायला लावलं. मग नवऱ्याकडं वळल्या.

"एवढी वर्सं गाडीत तुमी तिकिटं फाडत व्हते, तवा तोंड कुणीकडं व्हतं तुमचं?"

"पॅसिंजरकडं. मागं."

"मंग गाडी कदी उलटी गेली का? गाडी बोर्ड असन तिकडं जाते. वढा."

नामदेवरावांनी दांडा उचलला. थोड्या वेळानं त्यांनी औंढा पुकारलं. कॅशियर सोडून सगळ्यांनी हात जोडले.

*

नारळ मात्र देवळात जाऊनच फोडायचा होता. गयाबाई म्हणाल्या, उद्या एसटीनं दोघं जाऊ. नामदेवराव तयार होईनात. एकदा पोचलेला माणूस पुन्हा त्याच गावाला कसा निघणार? आधी परत आला पाहिजे. आणि परतीचं तर ते एक मीटरही ओढलेले नव्हते.

"मी औंढ्यातच हाय," ते म्हणाले. "तू ये."

सकाळी त्यांनी गयाबाईंना स्टँडवर गाडीत बसवून दिलं. खिडकीची जागा धरून दिली, कंडक्टरला दोन सूचना केल्या आणि गाडी हलल्यावर सवयीनं दारावर दोनदा हात मारला.

संध्याकाळी आम्ही स्टँडसमोर चहा पीत बसलो होतो. गयाबाई उतरल्या. आज त्यांचा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता इतका मोकळा होता. त्यांनी सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. समदं सपष्ट दिसलं म्हणाल्या. कळस दिसला, दगडातले हत्ती दिसले, एका हत्तीचा तुटलेला दात बी दिसला. मग नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी काहून दिसले न्हाई?"

नामदेवरावांनी प्रसाद कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"गर्दी लई व्हती," ते म्हणाले.