रस्त्याकडची खिडकी

आंधळगावच्या आमच्या जुन्या घराची रस्त्याकडची खिडकी बदलायची निघाली, तेव्हा मी कोणाच्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही. सागवानी चौकट, लोखंडी गज, आणि खालची फळी उदईनं पार पोखरलेली. अ‍ॅल्युमिनियमवाला म्हणाला, "जुनी चौकट मले देऊन टाका, सरकती खिडकी स्वस्तात बसवून देतो." मनात म्हटलं, वा रे शहाण्या! सागवानावर डोळा आहे होय तुझा? सुतार म्हणाला, चौकट उपटली तर मातीची भिंत फाटेल, फळी तेवढी बदलू. त्याचंही मला खरं वाटेना. गावात त्याला दुसरं काम तरी कुठं उरलं होतं?

आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे! त्यांची खाट त्याच खिडकीशी. जन्मात कधी तिची धूळ पुसली नाही, पण आता म्हणाले, "गज काहून काढता? माह्या बापानं लावले." माझं डोकंच फिरलं. गजांची माया कसली, मला माहीत होतं. खर्रा! त्या तंबाखू-सुपारीनं त्यांचं तोंड इतकं आकसलं होतं, की घासही धड आत जाईना. खर्रा सोडला नाही तर कॅन्सर, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तरी उशीखाली खर्र्याची प्लास्टिकची पन्नी सापडायचीच. आमच्याकडे खर्रा कोणी एकटा खात नाही, समोरच्याच्या हातावर चिमूट ठेवतातच. शेतावर निघालेला एखादा गजांशी थांबून "राम राम गा" म्हणाला, की माझे कान टवकारत.

नवऱ्यानं माझीच बाजू घेतली. "जाळी ठोकून टाकू, कटकटच नको." शेवटी सुताराकडून फळी बदलून घेतली, चौकट आणि गज राहू दिले, आणि आतून बारीक जाळी ठोकून घेतली. मामाजी माझ्याशी बोलेनासे झाले. लोक लांबूनच हात हलवून पुढं जाऊ लागले. मी निर्धास्त झाले.

मग एका सकाळी चादर झटकताना पन्नी खाली पडली. ताजी. मी तडक खिडकीशी गेले, जाळीचा खिळान् खिळा चाचपला. सगळे जागच्या जागी. मामाजींजवळ जाणारी घरात आम्ही दोघंच. वळून पाहिलं तर नवरा दारात उभा. माझ्या हातातली पन्नी बघून त्यानं मान खाली घातली.

"बाबा हात पसरते वं माह्यापुढं," तो म्हणाला. "आता खिडकीशी कोणी थांबतच नाही ना."