तुरुंगातली खांदशेकणी

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, माझे वडील एकदा बुलढाण्याच्या तुरुंगात, शिपायाच्या देखत आणि पूर्ण शुद्धीवर असताना, बैल झाले होते. सरकारदरबारी याची नोंद नाही, म्हणून ती मलाच करावी लागत आहे.

बाबा धामणगाव बढ्याचे पाटील. आवाज असा की ते हळू बोलले तरी शेजारची म्हातारी "हाव, आली" म्हणून उत्तर द्यायची. जंगल सत्याग्रहात राखीव जंगलातलं गवत कापून त्यांनी इंग्रजांचा कायदा मोडला आणि सरकारनं त्यांना पावसाळाभर ठेवून घेतलं. तेवढ्यात पोळा जवळ आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले खांदे गरम पाण्यानं शेकायचे, हळद-तूप चोळायचं आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आमचा पांढरा बैल मात्र मानेला बाबांशिवाय कुणाचा हात लागू देत नसे. सालदाराला त्यानं एकदा गव्हाणीत बसवलं होतं. भाऊ मला नव्हता. मी दहा वर्षांची होते आणि मी जाहीर केलं की हे काम मी करणार.

पोळ्याआधी कैद्यांच्या मुलाखतीचा, म्हणजे भेटीचा, दिवस होता; त्या दिवशी माय मला घेऊन घाट चढून बुलढाण्याला आली, ती बाबांनी मला गप्प करावं म्हणून.

"इले समजवा," माय गजांपलीकडच्या बाबांना म्हणाली. "बैल मारंन इले."

बाबांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "भेव लागते का तुले?"

"लागते."

"मंग जमते," असं म्हणून गावचे पाटील तुरुंगाच्या कपड्यांत चारी पायांवर उभे राहिले आणि मान गजांना लावली. "आधी आवाज दे. मंग हात लाव."

मी आवाज दिला, गजांतून हात घातला. बाबांनी असं काही फुरफुरून डोकं झटकलं की मी थेट मायच्या पदरात.

"मागं काऊन सरली? त्यानं मान हलवली तं हात तसाच ठेवाचा. पुन्हा."

पहाऱ्यावरचे शिपाईचाचा जळगाव जामोदचे, घरची शेती असलेले. त्यांना राहवेना. "पाटील, बैल असा नाई झटकत. डावीकडून घ्या."

"तुमचा घेत असंन डावीकडून. माह्या बैलाचं मले नोका सांगू."

"अन् शेपूट?"

"शेपूट जेलात जमा हाये, चाचा."

भेटीला आलेली इतर मंडळी आपापली रडारड थांबवून आमच्याकडं पाहू लागली. तेवढ्यात जेलरसाहेब दारात आले. चाचांनी खाडकन सलाम ठोकला. "साहेब, खांदशेकणी चालू हाये." साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं, बैलाकडं पाहिलं आणि आले तसे परत गेले. भेटीची वेळ केव्हाच संपली होती.

बाबा झटकत राहिले, मी चोळत राहिले. शेवटी कितीही झटकलं तरी माझा हात मानेवरून हटेना, तशी त्यांनी मान खाली केली. रीतच होती, म्हणून मी म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

कुणी हसलं नाही. माय भिंतीकडं पाहू लागली.

"पाटील, हो तं म्हणा," चाचा हळूच म्हणाले.

"बैल बोलत असते का?" बाबा म्हणाले. पण मान त्यांनी बराच वेळ वर केली नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यात माय हळद-तुपाची वाटी धरून उभी, सालदार काठी घेऊन तिच्या मागं. मी आवाज दिला, हात लावला. पांढऱ्यानं फुरफुरून डोकं झटकलं. खरं सांगते, बाबांपुढं तो अगदीच कच्चा नट निघाला. मी हात काढला नाही. वशिंडापासून खाली चोळत गेले. त्यानं पुन्हा एकदा झटकून पाहिलं, मग थांबला आणि मान खाली केली, हुबेहूब गजांपलीकडं झाली होती तशी.

आवतनाचे शब्द मला पाठ होते. सालदार ऐकत होता, माय ऐकत होती, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं ते हे:

"बाबा, उद्या जेवाले या."