गाद्यांच्या भिंतींचं ऑफिस

कंपनीची मेल सोमवारी सकाळी आली. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी आठवड्यातले चार दिवस पुण्याच्या ऑफिसात यायचं. ज्यांना घरूनच काम करायचं असेल त्यांनी अर्ज करावा, कारण लिहावं आणि आपली कामाची जागा व्हिडिओवर दाखवावी. जागेसाठी तीन अटी होत्या. इंटरनेट सारखं तुटणारं नको, दार लावता येईल अशी वेगळी खोली हवी, आणि शांतता हवी. पहिल्या दोन अटी वाचून मी निश्चिंत झाले. तिसरी वाचत होते तेव्हा भिंतीपलीकडे अब्बांची कापूस पिंजायची मशीन घरघरत होती.

आम्ही गादीवाले. कामरगावात आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तिथे मशीन, कापसाचे ढीग, कापडाचे तागे आणि वर्षभर हवेत तरंगणारे तंतू. माझी खोली त्याच्या मागे. मध्ये एक भिंत, भिंतीत दार आणि दाराच्या वर हवेसाठी ठेवलेला झरोका. शाळेत असताना माझ्या वेणीत कायम कापूस असायचा आणि मुली मला म्हातारी म्हणून चिडवायच्या. मी चिडायचे आणि मारामारी करायचे. अजूनही माझा स्वभाव फार सुधारलेला नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांनी केलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, त्या नावासकट लिहून काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. अम्मीच्या मते हे काम मी लहानपणापासून फुकट करत होते.

पुण्याच्या ऑफिसबद्दल मला तक्रार नाही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. सकाळी इडली, ऑम्लेट, कापलेली फळं, सगळं फुकट. कॉफीच्या मशीनला सात बटणं होती आणि पहिला महिनाभर मी रोज एकेक दाबून पाहिलं. टेबल टेनिस होतं, व्यायामशाळा होती, संध्याकाळी घरी सोडायला गाडी होती. फोनवर बोलायला काचेच्या छोट्या खोल्या होत्या, आतून राखाडी फोम लावलेल्या. आत शिरलं की जगाचा आवाज बंद व्हायचा. मला इंग्रजीत चार माणसांसमोर बोलायची लाज वाटायची, तेव्हा मी त्या काचेच्या खोलीत बसून एकटीच सराव करायचे. त्या ऑफिसानं मला बोलायला शिकवलं, हे मी कुणासमोरही मान्य करीन.

मग साथीच्या दिवसांत सगळ्यांनाच घरी पाठवलं गेलं, तशी मीही आले. कंपनीनं नंतर हळूहळू लोकांना परत बोलावलं, पण आमच्या टीमला सूट होती. मी राहिले ती राहिलेच. दुपारी अब्बा-अम्मींबरोबर ताटावर बसायचं, जेवून पाच मिनिटं कापसाच्या ढिगावर आडवं व्हायचं, आणि संध्याकाळी दुकानासमोरच्या ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना टोमणे मारत बसायचं. यातलं काहीही त्या सात बटणांच्या मशीनमधून येत नव्हतं.

अर्जात ‘कारण’ असा एक चौकोन होता. मी आधी अब्बांच्या छातीचं लिहिलं, कारण कापसाच्या धुळीनं त्यांना खोकला असतो. ते खोडलं. मग अम्मीच्या गुडघ्यांचं लिहिलं, तेही खोडलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? शेवटी लिहिलं, ‘मला माझ्या आईवडिलांबरोबर राहायचं आहे.’ त्याखाली हेही लिहिलं, की घराच्या पुढच्या भागात दुकान असून तिथे मशीन चालते.

त्या मशीनचा आणि माझ्या मिटिंगांचा एक करार होता. मिटिंगच्या आधी मी दारावर दोनदा टकटक करायची. अब्बा लगेच मशीन बंद करायचे. मिटिंग संपली की पुन्हा दोनदा टकटक, आणि मशीन सुरू. दहाची मिटिंग, बाराची, चारची. कधी परदेशातला कुणी मध्येच बोलवायचा, तेव्हा अवेळीसुद्धा. मशीन थांबली की अब्बा हातातलं काम काढायचे. दाभण घेऊन गादीला टाके घालायचे. पण कापूस टाक्यांनी पिंजला जात नाही. मागे पडलेलं पिंजण उरकायला ते दुपारची झोप मोडायचे आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करायचे. तीन वर्षं मी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, असंच म्हणायला पाहिजे.

मेल आली तेव्हा लग्नांचा हंगाम तोंडावर होता. मुलीच्या आंदणात गाद्या-रजया द्यायची आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे कामरगाव, इंझोरी, पार शेलूबाजारपर्यंतची कामं अब्बांकडे होती. अशा दिवसांत मशीन दिवसभर बंद ठेवणं शक्यच नव्हतं. जेवताना मी तिन्ही अटी सांगितल्या आणि म्हटलं, “अब्बा, बहुतेक मले जावंच लागन.”

अम्मीनं पोळी अर्धीच ठेवली. अब्बांनी घास गिळला आणि विचारलं, “शांत खोली पायजे? येवढंच ना?”

“येवढंच म्हंजे?”

“कापूस आवाज खाते, बेटा. तुह्या पुन्याच्या लोकायले मालूम नाई का?”

दुपारी ते खिळे, सुतळी आणि शिडी घेऊन माझ्या खोलीत आले. मंगळवारी संध्याकाळपर्यंत खोलीच्या तीन भिंतींवर गाद्या लटकत होत्या आणि दारावर दुहेरी रजई. लाल कापड, त्यावर पिवळी मोठी फुलं. मी मधोमध उभी राहून टाळी वाजवली, तर टाळी वाजल्यासारखीच वाटली नाही. पुण्याच्या काचेच्या खोलीत नेमकं असंच व्हायचं. फरक एवढाच, की तिथल्या भिंतींना कुणी आपल्या हातानं टाके घातले नव्हते. मला एवढं भरून आलं, की मी उगाच एका खिळ्यावरून अब्बांशी भांडले.

व्हिडिओची वेळ बुधवारी अकराची होती. बघणार होत्या आमच्या मॅनेजर बाई, ज्या पुण्यात माझ्या समोरच्या टेबलावर बसायच्या. अब्बांनी धुतलेला सदरा घातला. मी म्हटलं, तुम्ही दिसणार नाही आहात. तर म्हणाले, “साहेब घरी येऊन राह्यले, अन् मी फाटक्या बनेनवर बसू का?”

बाई पडद्यावर आल्या. मी लॅपटॉप फिरवून खोली दाखवली, खुर्ची दाखवली, इन्व्हर्टर दाखवला. त्यांचे डोळे भिंतीवर अडकले.

“हे काय लावलंयस? छान दिसतंय.”

“गाद्या आहेत, मॅडम.”

“गाद्या?”

“झोपायच्या.”

त्यांनी हसू दाबलं आणि अर्ज वाचायला घेतला. “दुकानात मशीन आहे म्हणतेस. आत्ता तर एकदम शांत आहे.”

“आत्ता बंद आहे.”

“मग रोजच्यासारखी चालू करायला सांग ना. मला माझ्या सहीखाली खोटं लिहायचं नाहीये.”

त्यांचं बोलणं खरं होतं. मी हेडफोन काढून ठेवला, रजई बाजूला सारून दार उघडलं आणि समोरचं बघून जागीच थांबले. दुकानात चार माणसं परीक्षेला बसल्यासारखी ओळीत चिडीचूप बसली होती. अब्बा, अम्मी, इंझोरीच्या एक बाई आणि त्यांचा भाऊ. बाईंच्या हातात चहाचा भरलेला कप होता आणि बशी त्यांनी जमिनीवर ठेवली होती, वाजू नये म्हणून. बाहेर पिकअप उभी होती. या बाईंच्या मुलीचं लग्न होतं आणि त्या आंदणाच्या गाद्या न्यायला आल्या होत्या. त्या गाद्या माझ्या भिंतींवर होत्या. संध्याकाळी येणारी माणसं सकाळीच आली होती, आणि अब्बांनी त्यांना अर्धा तास तसंच बसवून ठेवलं होतं.

मी म्हटलं, “अब्बा, मशीन चालू करा.”

“येडी झाली का तू?” अब्बा कुजबुजले. “साहेब आयकून राह्यले ना!”

त्या बाईही कुजबुजल्या, “नोको करू माय. आमी बसतो ना. गाद्या काय कुठी पळून चालल्या?”

“अब्बा, त्यायनंच सांगतलं. मले खोटं नाई दाखवाचं.”

अब्बांनी एकदा अम्मीकडे पाहिलं, उठले आणि बटण दाबलं. पट्टा फिरला, मशीन घरघरली. मी दार लावून खुर्चीत येऊन बसले. गाद्यांनी आवाज खाल्ला होता हे खरं, पण सगळा नाही. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं. मी हेडफोन लावला आणि वाट बघू लागले. पुण्याची तिकिटं, भाड्याची खोली, डबा लावणं, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

बाई पण वाट बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “सांगितलंस का त्यांना?”

“चालू आहे, मॅडम.”

“कधी?”

“आत्ता. चालूच आहे.”

“मला काहीच ऐकू येत नाहीये.”

मी लॅपटॉप उचलून दारापाशी नेला. रजई वर केली. दार सताड उघडलं. आता मशीन माझ्यापासून सहा फुटांवर होती आणि मला माझंच बोलणं धड ऐकू येत नव्हतं. मी ओरडले, “आता?”

“ओरडू नकोस गं. तुझा आवाज छान येतोय. बाकी काही नाही.” आणि मग त्या मोकळेपणानं हसल्या. “अगं, असला एकसारखा आवाज ते मिटिंगचं ॲपच कापून टाकतं. पंखा, मिक्सर, सगळं. तू टेस्टर ना?”

त्यांनी तिथल्या तिथे अर्जावर होकार लिहिला. मी आभार मानले, आणि मनापासून मानले, कारण त्यांना नाही म्हणायला काहीच कष्ट पडले नसते. पण पडदा बंद झाल्यावर मला उठता येईना. ॲपमध्ये तशी सोय आहे हे मला माहीत होतं. दुसऱ्या कंपनीच्या तसल्याच सोयीतल्या चुका मी स्वतः शोधून दिल्या होत्या. आपल्या घरातली मशीन चालू ठेवून एकदा तरी बघावं, हे तीन वर्षांत सुचलं नाही, कारण टकटक केली की ती बंदच असायची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. तीन वर्षं माझ्या बापानं दिवसातून तीन-चार वेळा काम थांबवलं, आणि ती मशीन तशीही कुणालाच ऐकू जात नव्हती. मी त्या पिवळ्या फुलांच्या गादीत तोंड खुपसून रडले.

मग गाद्या उतरवायला घेतल्या. इंझोरीच्या बाईंना होकार मिळाल्याचं कळलं, तशी त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. “माह्या पोरीच्या गाद्यायनं तुही नोकरी वाचवली व माय!” मला त्यांना खरं सांगवलं नाही. पिकअपमध्ये गाद्या चढवताना त्यांनी भावालाही तेच दोनदा सांगितलं.

अब्बांना मात्र सांगणं भाग होतं. संध्याकाळी ओट्यावर मी त्यांना सगळं समजावलं. माणसाचा आवाज ठेवून बाकीचा कसा कापला जातो, ते आणि तीन वर्षांचंही. सांगताना माझी मान वर होत नव्हती.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे त्यायले आयकूच येत नोतं?”

“नाई. कदीच नाई.”

“लय हुशार हाये बा तुही मशीन,” ते म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले. “कापसापेक्षा जास्त खाते आवाज.”

“माफ करा अब्बा. आता उद्यापासून मशीन बंद करायची नाई. मी टकटक करनारच नाई.”

“ठीक हाये,” अब्बा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहाची मिटिंग सुरू झाली. मी टकटक केली नाही. भिंती उघड्या होत्या, अर्धवट लोटलेल्या दाराच्या फटीतून अब्बांना मी दिसत होते, मशीन जोरात चालू होती, आणि त्या घरघरीत मी पहिल्यांदाच पुण्याशी निवांत बोलत होते. माझी बोलायची पाळी आली. मी कालच्या चुका सांगायला सुरुवात केली आणि मशीन बंद पडली. वीज गेली असं वाटलं, पण माझा पंखा फिरत होता. माझं बोलून झालं, दुसरा बोलायला लागला, आणि मशीन पुन्हा सुरू झाली. मिटिंग संपल्याबरोबर मी तावातावानं दार सताड उघडलं.

“अब्बा, काहून बंद केली मंग? काल सांगतलं ना, त्यायले आयकू येत नाई म्हनून!”

अब्बा कापूस सारखा करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“त्यायले येत नाई ते समजलं मले. पन मले कसं आयकू यीन?”

“काय?”

“तू बोलतं ते.” त्यांनी हातानं दारावरचा झरोका दाखवला. “मशीन चालू असली का काईच येत नाई इथपर्यंत. तसं समजत तर नाई मले तुहं इंग्रजी. पन तीन वर्सं झाले, रोज आयकतो.”