निवांतरावांची माती

आमच्या थोरल्या जाऊबाई स्वच्छ होत्या असं सांगणं म्हणजे पाणी ओलं असतं असं सांगणं. त्यांनी घासलेल्या पातेल्यात बघून भांग पाडावा. निम्मं आयुष्य त्यांनी दवाखान्यात काढलं, ऑपरेशनची हत्यारं उकळायच्या खोलीत. डोळ्यांना न दिसणारी घाण धडधाकट माणसाला कशी घेऊन जाते, हे त्यांनी पाहिलेलं होतं, नुसतं ऐकलेलं नव्हतं. म्हणून मी त्यांना कधी हसले नाही. म्हणजे हसले, पण पाठीमागे.

वाफेने डोळे चुरचुरायला लागले तशी ती नोकरी सुटली आणि मी कामाला होते त्या रोपांच्या नर्सरीत त्याही आल्या. गावाबाहेरची टेकडी दगड काढून काढून बोडकी झाली होती. तिच्यावर पाइनची झाडं लावायची, म्हणून आम्ही पिशव्यांत रोपं वाढवायचो. मी पिशव्या भरायची. चार इयत्ता शिकलेलीला आणखी काय देणार? जाऊबाईंची शिस्त बघून साहेबांनी मात्र वर्षाच्या आत सगळ्या रोपांची देखरेख त्यांच्याकडे दिली.

माझ्याबरोबर पिशव्या भरायला निवांतराव होते. खरं नाव असेल काहीतरी. साहेबांनी त्या नावाने हाक मारली, की कुणाला बोलावतायत म्हणून तेसुद्धा इकडेतिकडे बघायचे. चाळलेल्या मातीचा ढीग होता फाटकाजवळ आणि निवांतराव बसायचे पार दुसऱ्या टोकाला, कुंपणाशी जुन्या पाइनच्या सावलीत. ढिगापर्यंत ढकलगाडी न्यायची, भरायची, आणायची. एवढे कष्ट कोण करणार? बसल्या जागी हात लांब करायचे आणि झाडाखालची माती, कुजका पाला, जे येईल ते पिशवीत लोटायचे. सावलीत दमट झालं की तिथे कुत्र्याच्या छत्र्या उगवायच्या. त्यासुद्धा जायच्या पिशवीत.

"अहो, जरा भरभर," मी म्हणायची.

"घाई केली म्हणून झाड दोन पानं जास्त देतं का?" ते म्हणायचे, आणि टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचे. पण माणूस गोड. दिवसभर कुणाबद्दल वाकडं बोलणार नाही. तेवढेही कष्ट नकोत, असं मी चिडवायची.

एक दिवस जाऊबाईंनी त्यांची एक पिशवी उलटी केली. मुळांना पांढरे धागे लपेटलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे.

"हे काय आहे?"

"माती," निवांतराव म्हणाले.

"ही पांढरी?"

"तिचंही वय झालं असेल."

मला हसू फुटलं. जाऊबाईंना नाही फुटलं. "बुरशी आहे ही. मुळाशी बुरशी घालताय तुम्ही. फाटकाजवळचा ढीग मग कुणासाठी आहे?"

"तो लांब आहे हो, बाई."

मग जाऊबाई सगळ्यांदेखत बोलल्या. "ही रोपं मेली ना, तर ती तुम्ही मारलीत. झाडाला लागते ती कीड परवडली, आळशी माणसाची कीड नको." निवांतराव उठून उभे राहिले. त्यांना इतक्या चटकन उठताना मी पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळी साहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते डबा घेऊन निघाले आणि फाटकाजवळच्या ढिगापाशी क्षणभर थांबले. किती लांब आहे ते बघत असतील.

त्यानंतर नर्सरीचा दवाखाना झाला. कुंपणालगतचा पाला झाडून काढला, छत्र्या उपटल्या. माती चाळायची, पत्र्याच्या पिंपात घालून खाली जाळ करायचा, कढत झाली की निववायची आणि मगच पिशवीत. घरी पाहुण्यांनाही आम्ही कधी इतकं निगुतीने वाढलं नव्हतं. रोपं उगवली छान. पण बोटभर झाली आणि हटून बसली. पिवळी पडली. खत घातलं, पाणी वाढवलं, कमी केलं, ढिम्म. तशीच टेकडीवर नेऊन लावली, ती काडीसारखी वाळून गेली. निवांतरावांच्या हातची, आधी लावलेली, तेवढी तिथे हिरवी होती. ती आमच्या डोळ्यांसमोर होती, पण बघायचं कुणाला सुचलं? दुसरी खेपही पिवळी पडली तेव्हा साहेब म्हणाले, आता तिसरी वाया गेली तर नर्सरीला कुलूप.

मग त्यांनी झाडांची डॉक्टर बोलावली. आमच्या नातींच्या वयाची पोर. तिने एक रोप उपटलं, मुळं तळहातावर घेतली. म्हणाली, "मुळं फार स्वच्छ आहेत हो."

"असणारच," जाऊबाई म्हणाल्या. चेहरा खुलला त्यांचा.

"तेच तर दुखणं आहे, आजी."

तिने सांगितलं ते मला माझ्या भाषेत कळलं. या झाडांची मुळं आखूड हाताची. बुरशीचे धागे लांबवर जातात, बारीक फटींत शिरतात, पाणी आणि खनिजं आणून मुळाला देतात. झाड उन्हात साखर बनवतं, त्यातली वाटीभर बुरशीला देतं. जन्माची उसनवारी, शेजारणी-शेजारणींची. दुसऱ्या जातीच्या बुरश्या पडका पाला, मेलेली खोडं कुजवून त्यांची माती करतात, नाहीतर जग पाल्याखाली गाडलं गेलं असतं. काही बुरश्या उभं झाड मारतातही, ते काही खोटं नाही. पण म्हणून सगळ्यांना एकाच पिंपात घालून भाजायचं नसतं. नव्या मातीत जुन्या झाडाखालची मूठभर माती लागते, दुधाला विरजण लागतं तशी.

"पहिली रोपं कसल्या मातीत होती?" तिने विचारलं.

मी चपलेकडे बघत राहिले. जाऊबाईच म्हणाल्या, "एका आळशी माणसाच्या."

कुंपणाच्या झाडांच्या मुळांशी उकरलं तर धागे होते अजून. तिसऱ्या खेपेत मूठमूठ माती टाकली आणि रोपं हिरवी झाली. नर्सरी वाचली, साहेब हसले. जाऊबाई मात्र जेवताना घास हातात धरून बसायच्या. "धाकटे," एक दिवस म्हणाल्या, "त्या माणसाला मी कीड म्हटलं गं."

आम्ही त्यांचं घर शोधत गेलो. ते मुलीकडे राहायला गेले होते, गावाच्या दुसऱ्या टोकाला. दाराशी पोचलो तर एक वाळलेला म्हातारा अंगण झाडत होता. अंगण आधीच लख्ख. जाऊबाईंना बघून त्याने झाडू पाठीमागे धरला.

"झालंच आहे, बाई," निवांतराव म्हणाले. "कोपरा तेवढा राहिला."

पायरीवर कुंड्या होत्या. सगळ्यांतली झाडं पिवळी. "माती भाजून घेतो मी आता," त्यांनी सांगितलं. "चाळून, भाजून. तुमच्यासारखी."

जाऊबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, "चुकलं माझं. तुमच्याच मातीने रोपं जगली होती. तुमचं बरोबर होतं."

"छे हो. मला कुठे काय ठाऊक होतं? ढीग लांब होता म्हणून मी ते करायचो. तुम्ही म्हणालात तेच खरं."

"नाही म्हणतेय ना मी."

"तुमचा मोठेपणा," ते म्हणाले आणि कोपरा झाडायला गेले. मुलगी आतून म्हणाली, "बसतच नाहीत ते. तुमच्याकडची नोकरी गेल्यापासून असेच. आम्ही म्हणतो बाबा बसा, तर म्हणतात, लोक काय म्हणतील?"

जाऊबाईंनी हार मानली नाही. दर थोड्या दिवसांनी त्या जायच्या. कधी जुन्या झाडाखालच्या मातीची पुडी, कधी नुसत्या गप्पा. मी सोबतीला. आम्ही गेलो की निवांतराव खुर्चीच्या कडेला टेकायचे, साहेबापुढे टेकतात तसे, आणि डोळे अंगणभर फिरवायचे. एका खेपेला जाऊबाई त्यांच्याशी बोलत होत्या, तेव्हा मुलीने मला बाजूला घेतलं. बिचारी शब्द शोधत होती.

"मावशी, राग मानू नका. तुम्ही येणार कळलं की बाबा आदल्या दिवसापासून घर धुवायला काढतात. गुडघे सुजतात हो त्यांचे."

परतताना मी जाऊबाईंना ते सांगितलं. लपवण्यात काय अर्थ होता? त्या रस्त्यातच थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्यासाठी मी आता एवढंच करू शकते. न जाणं."

त्या पुन्हा तिकडे गेल्या नाहीत. त्या होत्या तोवर निवांतरावांची खबर घ्यायला मीच जायची, आणि मी कुठे जाऊन आले ते त्या मला विचारायच्या नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे करून माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या.