केबलचे ब्रेक

आजोबांच्या जुन्या मोटारीचे ब्रेक तेलावर चालत नाहीत. पेडलपासून चारही चाकांपर्यंत सायकलीसारख्या केबल गेल्या आहेत. त्या गंजून जाम झाल्या होत्या आणि नव्या कुठेच मिळेनात. शेवटी तुमसरला सिहोरा रोडवरच्या एका मिस्त्रीने तारा ओवून गॅरेजमध्येच नव्या बनवल्या. काम करताना तो बोलत नाही. केबल ताणली की बोटाने छेडतो, कान लावतो आणि पुन्हा आवळतो.

ट्रायल घ्यायची त्याची रीत मात्र मला सोसत नाही. तो रस्त्यात गाडीसमोर जाऊन उभा राहतो आणि डोळे मिटतो.

"या ना भाऊ, अंगावर या. काहून भेऊन राहिले?"

पहिल्यांदा मी ब्रेक दाबला, तेव्हा गाडी त्याच्या गुडघ्यांपाशी थांबली. त्याने डोळे उघडले, बंपरकडे पाहिलं आणि म्हणाला, "लागला." एसटी चुकलेला माणूस "गेली" म्हणतो, तसं.

केबल सैल पडतात, त्यामुळे त्याच्याकडे जावंच लागतं. हल्ली मी ब्रेक लांबूनच दाबतो. परवा गाडी बरीच अलीकडे थांबली. त्याने डोळे उघडलेच नाहीत. तसाच उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "जरा लेट दाबत जा ना, भाऊ."