आंबेनळीच्या रस्त्यावर थांबलेली डोली

शनिवार-रविवार गाठून डोंगर चढणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, आपली सगळ्यांची एक तक्रार आहे. माणसाला माणसाचं काही उरलेलं नाही. रस्त्यात कुणी पडलं तर लोक वळसा घालून जातात. ही तक्रार मी तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात, व्यासपीठावरून, वर्षानुवर्षं केली. बुद्धापासून ख्रिस्तापर्यंत सगळ्यांचे दाखले देऊन टाळ्या घेतल्या. गेल्या डिसेंबरात घसा पार बसला, डॉक्टरांनी आठवडाभर बोलायची बंदी घातली, म्हणून पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपणला निघालो. गप्प बसायचं तर जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे बसावं.

स्वारगेटहून एसटीने वरंधा घाटातून महाड, तिथून दुसरी गाडी पकडून पोलादपूर. स्टँडजवळच्या लॉजमध्ये मुक्काम. समोरच्या खानावळीत दीडशे रुपयांत बांगड्याचं ताट झकास मिळतं. कुडपणला सकाळची एकच गाडी असते, ती चुकवू नका.

त्या गाडीत शेजारी बिभूती बसला होता. ओरिसाचा, पंचविशीचा, महाडच्या कारखान्यात कामाला. बिरवाडीत सहा जणांत एक खोली. "मेरे गाँव में भी ऐसा ही पहाड़ है दादा, देखने जा रहा हूँ," म्हणाला. मी मान हलवली. गाडीतून उतरल्यावर आम्ही बरोबरच चालू लागलो. पठार सोनेरी गवताने भरलेलं, कड्याखाली जावळीचं रान निळंभोर. तासभराने कडेच्या वाडीत पोचलो. अकरा घरं. सोनाबाई नावाच्या बाईने अंगणातूनच हाक मारली, "कुठं चाललाव उनातानाचं? च्या घेऊन जा." कोरा, गुळाचा चहा झाला. नंतर ती गवताचे भारे आत न्यायला उठली, तेव्हा बिभूती मदतीला धावला. दुसऱ्याच भाऱ्याखाली फुरसं होतं, वीतभर पण जहरी साप. त्याच्या डाव्या हाताला चावलं.

पुढच्या पाच मिनिटांत मी जे पाहिलं, ते कुठल्या ग्रंथात वाचलं नव्हतं. फोनला रेंज नाही, गाडी सकाळीच परत गेलेली, तरी रडारड नाही, गोंधळ नाही. कुणी त्याचा हात फळीला बांधला, कुणी घोंगडी आणली, कुणी आढ्यावरचा लांब बांबू काढला. घोंगडी बांबूला झोळीसारखी बांधली, की झाली डोली. घरटी एक माणूस दांड्याला, ही इथली रीत. पण अकरापैकी आठ घरांचे पुरुष मुंबईला. सोनाबाईने पदर खोचला.

"बायांनी दांडा धरायचा नाय," धोंडूआजोबा म्हणाले.

"मग बोलवा तुमच्या पोराला लालबागवरनं. तवर हा थांबंल का, इचारा त्याला!"

आजोबा स्वतः पुढच्या टोकाला गेले. तीन पुरुष, पाच बायका, आणि मी. माझी पाळी वीस पावलांत संपली. "बाजूला व्हा हो मास्तर, तुमालाबी न्यायला लागंल," मागून एकीने टोला हाणला. मी कुणी मास्तर नाही, पण सांगणार कसा?

बिभूतीचा हात कोपरापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त दिसू लागलं होतं. उतरणीच्या टोकावरून आजोबांनी लांबलचक कुकारा घातला. खालच्या वाडीच्या शिवेवर आम्ही पोचलो, तर दहा-बारा जण उभे. या दोन वाड्यांचं झऱ्याच्या पाण्यावरून तीन वर्षं बोलणं बंद आहे, हे मला नंतर कळलं. त्या दिवशीही ते बोलले नाहीत. नुसते दांड्याखाली शिरले. त्यांच्यातल्या एका म्हातारीने तेवढं विचारलं, "कुणाच्या घरचा गो?"

"माझ्या," सोनाबाई म्हणाली. "सकाळी च्या पिलाय माझ्याकडं."

म्हातारीचं समाधान झालं. घोंगडीत पडलेल्या बिभूतीला एक शब्द कळत नव्हता. तो फक्त हात जोडायला बघत होता आणि उजव्या हाताला डावा सापडत नव्हता.

दोन तासांत आंबेनळी घाटाच्या डांबरी रस्त्याला लागलो. इथून पोलादपूर गाडीने अर्धा तास. महाबळेश्वरहून उतरणाऱ्या गाड्या एकामागून एक येत होत्या. आम्ही हात केले. पहिली गाडी वेग वाढवून गेली. दुसरीने काच वर घेतली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडलो आणि घशातून नुसती हवा आली. हजारांच्या सभा गाजवणारा आवाज एका माणसासाठी निघाला नाही. पाच गाड्या गेल्या. सगळ्या आपल्या गावांच्या नंबरच्या.

थांबला तो स्ट्रॉबेरीचा टेम्पो. वाईचे रफीकभाई. काय झालं हे ऐकायच्या आधीच ते खोकी उतरवायला लागले. "माल इथंच राहू द्या मावशी, मी येतो परत." बायकांनी रस्त्याकडेला खोक्यांची राखण धरली. सोनाबाई, धोंडूआजोबा आणि मी मागे बिभूतीपाशी बसलो.

पोलादपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सर्पविषावरची लस सुरू केली. "अजून तासभर लागला असता तर माझ्या हातात काही नव्हतं," एवढंच म्हणाले. चौथ्या दिवशी बिभूती उठून बसला. सोनाबाई रोज एसटीने पेज घेऊन येत होती. तिला मराठीत काय म्हणायचं ते त्याने मला हळूच विचारलं, मी कागदावर लिहून दिलं, आणि तो अडखळत म्हणाला, "आई, आता घरी जा."

पुण्याला परतून महिना झाला. बिभूती कामावर आहे, दोन बोटं पुरती वळत नाहीत. माझा घसा सुटला, पण 'सेवा' या विषयावरच्या दोन व्याख्यानांची निमंत्रणं मी नाकारली. कारण घरी आल्यावर एक गोष्ट मनातून जाईना: मीही त्या घाटातून कितीदा काच वर करून उतरलोय. कडेला उभी माणसं मी काहीतरी विकणारी समजलो होतो.

म्हणून एकच मागतो. पुढच्या वेळी आंबेनळीत, कुठल्याही घाटात, बांबूला घोंगडी बांधून उभी माणसं दिसली, तर गाडी थांबवा, मागची सीट रिकामी करा आणि डोलीतल्या माणसाला दवाखान्यात पोचवा.